समेटाची घाई

चर्चच्या मंडळीत एखादा वाद उभा राहिला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘आपण हा विषय प्रार्थनेत ठेवू या.’ दुसरं, ‘ताई, ख्रिस्ती माणसानं क्षमा करावी.’ इमारत निधीचा हिशेब जुळत नसो, संस्थेच्या शाळेत विश्वस्ताच्या भाच्याची नेमणूक झालेली असो, नाहीतर युवक संघातल्या एखाद्या मुलीनं तिथल्या पुढाऱ्याबद्दल आईला काही सांगितलेलं असो, वाक्यं तीच. दुसरं वाक्य कोणाला ऐकवलं जातं याकडे जरा लक्ष द्या. ते तक्रार करणाऱ्यालाच ऐकवलं जातं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या घरी जाऊन ‘काय घडलं ते आधी खरं सांग’ असं म्हणणारा क्वचितच कोणी निघतो.

अवघड प्रसंगी ख्रिस्ती माणसानं दयेनं आणि सचोटीनं वागावं, याबद्दल दुमत नाही. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या उपदेशात ते येतंच. माझी तक्रार आहे ती या दोन्हींच्या वाटपाबद्दल. आपल्या मंडळ्यांमध्ये दया दुखावलेल्याकडून वसूल केली जाते, आणि सचोटी मागायची वेळ आली की सगळे घड्याळाकडे बघतात. ज्याचं नुकसान झालं, क्षमा त्याच्या हातात असते. ती मागण्याचा अधिकार फार तर चूक करणाऱ्याला, आणि तोही कबुली दिल्यावर. पाळकाला म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, पंच कमिटीला, बिशपांना, विश्वस्तांना तो अधिकार नाही. घडलं काय ते शोधायचं, लिहून ठेवायचं आणि त्याप्रमाणे निर्णय घ्यायचा, हे त्यांचं काम. ते काम अंगावर येऊ नये म्हणून ‘क्षमा करा’ म्हणणं ही पळवाट आहे, आणि तिला पवित्र शास्त्राचा आधार आहे असं समजणं तर आणखी वाईट.

आता शास्त्राचंच घेऊ, कारण भांडण तिथेच अडतं. तक्रारदाराच्या तोंडावर सर्वांत जास्त वेळा फेकला जाणारा उतारा म्हणजे करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय. भावानं भावाला कोर्टात खेचू नये. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल सातव्या वचनात विचारतो. एवढं वाचून पुस्तक मिटलं जातं. पण दोनच वचनं आधी त्यानं विचारलंय, भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? म्हणजे कोर्टात जाऊ नका म्हणण्याआधी त्याला मंडळीत निवाड्याची सोय हवी आहे. आणि आठव्या वचनात तो थेट दुसऱ्या बाजूवर उलटतो: तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच फसवता, आणि तेही भावांना. पाचवं आणि आठवं वचन गाळून सातवं वाचायची आपली सवय अजब आहे. पैशाच्या आणि मालमत्तेच्या तंट्यांबद्दलचं हे बोलणं लोक सरसकट गुन्ह्यांनाही लावतात, ते वेगळंच.

डोंगरावरच्या उपदेशात वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असलेला माणूस आठवा. त्याच्या लक्षात येतं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. येशू त्याला सांगतो, अर्पण तिथेच ठेव, जा, आधी समेट कर, मग ये. इथे चालत जायचंय ते ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं आहे त्यानं. दुखावलेला भाऊ आपल्या घरी बसला आहे, त्याला कोणी बोलावणं पाठवलेलं नाही. आपण हे चित्र पार उलटं केलंय: दुखावलेल्यानं कमिटीसमोर यायचं, हात मिळवायचा, आणि ज्यानं दुखावलं त्यानं नेहमीसारखं पहिल्या बाकावर बसून अर्पण करायचं. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातही क्रम स्पष्ट आहे. भाऊ चुकला तर त्याला दोष दाखव. त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. दिवसातून सात वेळा क्षमा करावी लागली तरी प्रत्येक वेळी तो ‘मला पश्चात्ताप झाला’ असं म्हणत येतो, हे त्याच वचनात आहे.

‘आणि दुसरा गाल?’ हा प्रश्न येणारच. ज्यानं दुसरा गाल पुढे करायला सांगितलं त्याला स्वतःला प्रमुख याजकासमोर एका शिपायानं चपराक मारली. योहानाच्या अठराव्या अध्यायात त्याचं उत्तर नोंदलेलं आहे. मी वाईट बोललो असेन तर तसं सिद्ध कर. योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? त्यानं हात उगारला नाही, शिव्याशाप दिले नाहीत, आणि गप्पही बसला नाही. पुरावा मागितला. सौम्यपणाचा इतका स्वच्छ नमुना समोर असताना आपण सौम्यपणा म्हणजे खाली मान घालणं, असं मुलांना शिकवतो.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो फिलिप्पै गावातला प्रसंग. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय भर चौकात छड्या मारल्या, तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. रात्री भूकंप झाला, दारं उघडली. कैदी पळाले असं वाटून तुरुंगाधिकारी तलवारीनं स्वतःचा जीव घ्यायला निघाला, तेव्हा पौलानं ओरडून त्याला थांबवलं. ज्या माणसानं आपले पाय खोड्यात घातले त्याच्यावर केलेली ही दया आहे. सकाळ झाली. अधिकाऱ्यांचा निरोप आला, त्या माणसांना सोडून द्या. आपल्यातला कोणी असता तर देवाचे आभार मानून गुपचूप निघाला असता, आणि पुढच्या रविवारी त्याची साक्षही दिली असती. पौल निघत नाही. तो म्हणतो, आम्ही रोमी नागरिक. आम्हाला चौकशी न करता उघडपणे मारलं, आणि आता गुपचूप बाहेर काढता? त्यांनी स्वतः यावं. आणि ते आले, विनवण्या करून त्यांना बाहेर घेऊन गेले. एकाच माणसानं रात्री तुरुंगाधिकाऱ्याचा जीव वाचवला आणि सकाळी अधिकाऱ्यांकडून जाहीर कबुली वसूल केली. त्याला यात विसंगती वाटली नाही. हा मानापमानाचा हट्टही नव्हता. गावात लुदिया नावाच्या बाईच्या घरी नवी मंडळी नुकतीच उभी राहत होती. पौल निघून गेल्यावर तिला त्याच अधिकाऱ्यांच्या हाताखाली राहायचं होतं. ख्रिस्ती लोकांना कसंही बडवलं तरी कोणी जाब विचारत नाही, असा पायंडा त्याला मागे सोडायचा नव्हता.

भारतात क्षमा म्हटलं की ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. २२ आणि २३ जानेवारी १९९९ च्या मधल्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जमावानं गाडी पेटवली. ग्रॅहम १९६५ पासून बारिपद्याच्या कुष्ठसेवेत होते. मुलगी एस्थरसह मागे राहिलेल्या ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं, देश सोडला नाही, आणखी काही वर्षं तिथेच राहून रुग्णांची सेवा केली. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं आपण उपदेशांतून ऐकतो. पुढचा भाग कमी ऐकतो. त्यांनी खटला मागे घ्या म्हटलं नाही. क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, ही त्यांची भूमिका होती. मनात कडवटपणा न ठेवणं हा त्यांचा निर्णय होता, शिक्षा काय द्यायची हा न्यायालयाचा. २००३ मध्ये सत्र न्यायालयानं मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी सुनावली, २००५ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली, आणि जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. ही सगळी वर्षं ग्लॅडिस यांची क्षमा आणि कायद्याचं काम शेजारी शेजारी चालत राहिलं. दोघांनी एकमेकांची वाट अडवली नाही.

तरीही त्यांच्या उदाहरणाचा आपण एक गैरवापर करतो. ‘त्या बाईनं पोटची मुलं गमावून क्षमा केली, आणि तुला दोन शब्द विसरता येत नाहीत?’ असं एखाद्या बाईला ऐकवलं जातं. ग्लॅडिस यांना कोणी क्षमा करायला भाग पाडलं नव्हतं. कमिटी बसली नव्हती. म्हणून त्या शब्दाला वजन आलं. तीच गोष्ट दुसऱ्या कोणाकडून दबावानं काढून घेतली तर तिचं फक्त बाह्य रूप उरतं.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाईंचं घ्यावं. त्यांच्यावर आपण पुतळे आणि जयंत्या लादल्या, पण त्या भांडल्या कशा, याचा अभ्यास केला नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवी धर्मांतरित, तरुण विधवा, पदरी लहान मुलगी, परका देश, आणि अन्नवस्त्रासाठी तिथल्याच ख्रिस्ती भगिनींच्या मठाचा आधार. अशा परिस्थितीत कोणीही ‘हो’ला ‘हो’ म्हणून दिवस काढले असते. रमाबाईंनी मात्र पंथाच्या मतांबद्दल शंका विचारल्या, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये या सूचनेवर आक्षेप घेतला, आणि १८८५ च्या सुमारास मठातल्या सिस्टर जेराल्डाईन यांना स्पष्ट कळवलं की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या प्रयासानं सुटून आलेली मी आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. ज्यांच्या घरात राहतो त्यांना हे लिहायला धैर्य लागतं. पण त्याच सिस्टरना त्या पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत होत्या. मतभेद टोकाला गेले तरी पत्रं थांबली नाहीत, माया आटली नाही. सिस्टरनाही श्रेय द्यायला हवं. या हट्टी मुलीवर त्या चिडल्या, पण तिला टाकून दिलं नाही.

खरी परीक्षा पुढे पुण्यात झाली. रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदासदन, म्हणजे मुलींची निवासी शाळा, १८९० मध्ये पुण्याला आलं. पैसा अमेरिकेतल्या ख्रिस्ती देणगीदारांचा, मुली बहुतेक उच्चवर्णीय हिंदू विधवा, आणि वचन असं की संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत; दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकरांसारख्या माणसांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. दुसरीकडे मिशनरी वर्तुळात त्यांच्यावर उलटाच आरोप होता: ही बाई ख्रिस्ती असून उघड प्रचार का करत नाही?

त्या वादात रमाबाईंचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. आश्रित मुलींच्या समोर संस्थाचालिकेचं उघडं दार हे पूर्ण तटस्थ नसतं, हा रानडे-भांडारकरांचा आक्षेप फेटाळता येत नाही. पण वाद कसा झाला ते पाहा. दोन्हीकडच्यांनी आपापली भूमिका नावानिशी, उघड मांडली. सल्लागारांनी आत राहून पाय ओढण्यापेक्षा राजीनामा दिला. रमाबाईंनी प्रार्थना लपवून संस्था वाचवली नाही, आणि देणगीदारांना खूश करायला मुलींवर बाप्तिस्म्याची सक्तीही केली नाही. लपवालपवी नसल्यामुळेच सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याला त्या वादात कोणाचं काय चुकलं हे ठरवता येतं. आजच्या किती मंडळ्यांच्या कमिटीच्या वृत्तांतांवरून असं काही ठरवता येईल?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंही येतं मनात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली. परदेशी मिशनच्या चौकटीत भारतीय ख्रिस्ती माणसाचा जीव गुदमरतो हे त्यांचं मत होतं, आणि मत पगार घेत घेत कुजबुजण्याऐवजी त्यांनी पगार सोडून ते जगून दाखवलं. अहमदनगरातल्या जुन्या मिशनरी मित्रांशी शत्रुत्व मात्र धरलं नाही. सचोटीला किंमत असते आणि ती बहुधा स्वतःच्या खिशातून जाते. आपल्याकडे ती किंमत कोणी मोजायला तयार नसतं, म्हणून तर समेटाची एवढी घाई.

आता सर्वांत जड आक्षेपाकडे येतो, कारण तो मला स्वतःला हलका वाटत नाही. ‘आपण मूठभर आहोत. प्रार्थनासभांवर लोक चालून येतात, पाळकांवर धर्मांतराचे गुन्हे दाखल होतात. अशा वेळी घरातली भांडणं चव्हाट्यावर मांडली तर बाहेरच्यांच्या हातात कोलीत देणं होईल.’ भीती खरी आहे. खेड्यातल्या दहा-पंधरा कुटुंबांच्या मंडळीत बसून पाहिलं की ती किती खरी आहे ते कळतं. पण झाकून ठेवलेलं कधीच बाहेर येत नाही, असं गृहीत धरून हा आक्षेप उभा आहे, आणि ते गृहीतच चुकीचं आहे. येतं. उशिरा येतं, आणि तोवर पीडितांची संख्या वाढलेली असते.

रवी झकारियास हे नाव शहरी मराठी ख्रिस्ती घरांतही परिचित होतं. मद्रासला जन्मलेला हा वक्ता ख्रिस्ती विश्वासाचं बौद्धिक समर्थन करत जगभर फिरला. २०१७ मध्ये एका विवाहित महिलेनं त्यांच्या वर्तनाबद्दल तक्रार केली, तेव्हा त्यांनीच तिच्यावर दावा ठोकला आणि शेवटी तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर ते प्रकरण मिटवलं गेलं. त्यांच्या संस्थेच्या मंडळानं त्यांच्यावर विश्वास ठेवला, तिच्यावर नाही. मे २०२० मध्ये ते वारले तेव्हा जगभरातून स्तुतिसुमनं आली. नंतर इतर स्त्रिया बोलू लागल्या, संस्थेनं वकिलांच्या फर्मकडून चौकशी करवली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षांचं लैंगिक गैरवर्तन त्यात नोंदवलेलं होतं. मंडळानं जाहीर माफी मागितली, पहिल्या तक्रारदार बाईवर अविश्वास दाखवणं चूक होतं हेही मान्य केलं. पण तोवर संस्थेचं मूळ काम चालू ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मंडळातल्या लोकांना आपण सुवार्तेची अब्रू राखतो आहोत असंच वाटत असणार. त्यांनी राखली ती एका माणसाची अब्रू, तीही जेमतेम तीन-चार वर्षं.

अल्पसंख्य असणं आणि गप्प बसणं यांचा काही अटळ संबंध नाही, हे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी दाखवलं. वसईतली हिरवी जमीन बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून ते उभे राहिले तेव्हा गावगुंडीला विरोध करणं धर्मगुरूचं काम आहे का, अशी शंका आपल्याच लोकांच्याही मनात होती. पुढे उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली आणि धमक्यांचे फोन सुरू झाले. जानेवारी २०२० मध्ये ते आजारी शरीरानिशी तिथे गेले आणि असहिष्णुतेविरुद्ध स्पष्ट बोलले. भाषा ज्ञानोबा-तुकारामांच्या आणि ख्रिस्ताच्या घरातली, गोड; मुद्दा पातळ केलेला नाही. बाहेरच्यांशी असं बोलता येतं, तर घरातल्या खजिनदाराशी का येत नाही?

आणि खजिनदाराचा विषय निघालाच आहे तर पौलाकडे पुन्हा एकदा जाऊ. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेली मोठी रक्कम त्याला पोहोचवायची होती. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ आमच्याबरोबर येतोय, म्हणजे या पैशाबद्दल कोणी आम्हाला दोष देऊ नये. जे योग्य ते देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही योग्य दिसावं, ही आमची खटपट आहे. खुद्द प्रेषिताला आपल्यावर लक्ष ठेवायला दुसरा माणूस हवा होता, आणि त्यात त्याला अविश्वासाचा वास आला नाही. आपल्याकडे हिशेब विचारला की ‘तुमचा पाळकसाहेबांवर विश्वास नाही का?’ असा प्रतिप्रश्न येतो. महाराष्ट्रात मंडळीची मालमत्ता सांभाळणारा ट्रस्ट सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, हिशेबांची तपासणी करून घेणं बंधनकारक असतं, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. वर्षानुवर्षं रिपोर्ट अडकलेले, जुने आणि नवे विश्वस्त एकमेकांविरुद्ध तारखांना उभे, आणि रविवारी दोघेही एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतायत, असं दृश्य अनेक जुन्या मंडळ्यांत नवं नाही. हिशेब वेळेवर वाचून दाखवला असता तर यातली निम्मी भांडणं जन्मालाच आली नसती, असा माझा अंदाज आहे.

स्त्रियांच्या तक्रारींबाबत तर देशाचा कायदा आपल्या कमिट्यांपेक्षा शास्त्राच्या जवळ आहे, असं मी जबाबदारीनं म्हणतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समेटाची तरतूद आहे. पण तो समेट फक्त तक्रारदार स्त्रीच्या विनंतीवरून करता येतो, समितीच्या सूचनेवरून नाही, आणि पैशाची देवघेव हा त्याचा आधार असू शकत नाही. विनावेतन, स्वेच्छेनं काम करणारी व्यक्तीही या कायद्याच्या व्याख्येत येते. आपल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहं आणि सेवाकार्यात राबणाऱ्या बायकांनी हे वाचून ठेवावं. मुलांच्या बाबतीत तर निवड उरतच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अत्याचाराची माहिती ज्याला कळली त्यानं ती पोलिसांना दिलीच पाहिजे. न देणं हा गुन्हा. ‘आम्ही दोन्ही घरांना बसवून मिटवलं’ असं अभिमानानं सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण स्वतः आरोपी होऊ शकतो याची कल्पना नसते.

एवढं बोलल्यावर कोणी म्हणेल, मग दया कुठे राहिली? ती आरोपीच्या वाट्याला यायला हवी, आणि तिथेही आपण कमी पडतो. चौकशी सुरू व्हायच्या आधीच व्हॉट्सअॅपवर निकाल लागलेला असतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या बायकोकडे बायका बघायच्या बंद होतात, मुलांना रविवारच्या शब्बाथ शाळेत वेगळं बसवलं जातं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम यासाठीच आहे: आधी एकट्यात, मग एक-दोन साक्षीदारांसह, मग मंडळीसमोर. एक सावधगिरी मात्र हवी. हा क्रम दोन भावांमधल्या अपराधासाठी आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या छळकर्त्याशी ‘एकट्यात’ बोलायला पाठवण्यासाठी नाही. बाकीच्या बहुतेक तंट्यांत मात्र तो पाळला तर आरोपीलाही बोलायची जागा मिळते, खोटी तक्रार असेल तर ती दुसऱ्या पायरीवरच उघडी पडते. चौकशीला मंडळीबाहेरची दोन माणसं घ्यावीत, त्यात एक स्त्री असावी, पाळकाच्या नात्यातलं कोणी नसावं, आणि आरोपीचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. यात ना मोठा खर्च आहे ना मोठी विद्वत्ता.

दोष सिद्ध झाल्यावर काय, याचंही उत्तर पौलानं देऊन ठेवलंय. करिंथात एकाला बहुमतानं शिक्षा झाली होती. दुसऱ्या पत्रात तो लिहितो, झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. ही वाक्यं शिक्षेनंतरची आहेत, शिक्षेऐवजी लिहिलेली नाहीत. जुन्या करारातल्या योसेफानंही, त्याला विकणाऱ्या भावांना ओळख दिली ती धाकट्या बेन्यामीनाच्या जागी त्यांच्यातला यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार झाल्यावर. ज्या भावांनी एकाला विकलं होतं ते आता दुसऱ्याला सोडून पळत नाहीत, हे पाहिल्यावर त्याला रडू आवरेना. आणि जक्कय नावाच्या जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटल्यावर येशू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झालं.

म्हणून ज्या खजिनदारानं कबुली दिली आणि पैसे भरले, त्यानं पुन्हा आपल्या बाकावर बसावं, प्रभुभोजन घ्यावं, त्याच्या मुलीचं लग्न त्याच देवळात लागावं आणि सगळ्या मंडळीनं जेवायला जावं. दानपेटीची किल्ली मात्र दुसऱ्याकडे राहू द्यावी. आणि मुलांशी गैरवर्तन केल्याचं ज्याच्यावर सिद्ध झालं, त्याला पश्चात्तापाची साक्ष दिली म्हणून पुन्हा वेदीवर उभं करू नये. नवीन मंडळीला काही न सांगता लांबच्या गावी त्याची बदली तर मुळीच करू नये.